लिस्टिंगवर २,१५० चौरस फूट, बँकेच्या कागदावर १,४२०: न्यू जर्सीतल्या एका घरखरेदीचं प्रकरण

घर १९६८ सालचं, न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीतलं, बाय-लेव्हल धाटणीचं. दार उघडलं की समोरच जिना, सहा पायऱ्या वर आणि सहा खाली. वर तीन बेडरूम, स्वयंपाकघर, हॉल आणि एक बाथरूम. खाली फॅमिली रूम, चौथी खोली, दुसरं बाथरूम आणि गराज. लिस्टिंगवर २,१५० चौरस फूट लिहिलेलं आणि ५,९९,००० डॉलर मागितलेले. पहिल्याच वीकेंडला चढाओढ लागली. दोन लहान मुलं असलेल्या एका मराठी जोडप्याची ६,२०,००० ची ऑफर स्वीकारली गेली: २० टक्के डाउन पेमेंट, कन्व्हेन्शनल (सरकारी हमी नसलेलं) लोन, आणि ऑफर उठून दिसावी म्हणून एक वाक्य जास्तीचं, ‘अप्रेझल कमी आलं तर १०,००० डॉलरपर्यंतचा फरक आम्ही भरू.’ अप्रेझल म्हणजे बँकेने करून घेतलेलं घराचं मूल्यांकन. क्लोजिंगचा, म्हणजे व्यवहार पूर्ण होऊन घर नावावर होतानाचा, खर्च वेगळा काढून ठेवल्यावर घरासाठी हाताशी असलेली रोकड १,३०,००० डॉलर. (घर आणि त्याचे आकडे हिशेब नीट उलगडून दाखवता यावा म्हणून रचलेले आहेत, नियम खरे आहेत.)

या व्यवहारात दोन माणसं घर बघायला आली. इन्स्पेक्टर खरेदीदाराने नेमलेला होता आणि त्याचं काम एवढंच, की घरात काय बिघडलंय ते सांगायचं. अप्रेझर बँकेने नेमलेला, आणि कर्जाला तारण असलेल्या या घराची बाजारभावाने किंमत किती हा त्याचा प्रश्न. एकाचा अहवाल दुसऱ्याच्या कामाचा नसतो. इन्स्पेक्टर किमतीबद्दल अवाक्षर काढत नाही आणि अप्रेझर इलेक्ट्रिक पॅनेलचं झाकण उघडत नाही. इथे मात्र सगळ्यांत महाग पडू शकणाऱ्या दोन गोष्टी, जमिनीखालची टाकी आणि घराचं खरं क्षेत्रफळ, दोघांच्याही नेहमीच्या कामाच्या कडेला होत्या.

तीन दिवसांत वकिलाने काय केलं

न्यू जर्सीत रिअल्टरने भरलेल्या छापील करारावर सह्या झाल्या की कामकाजाचे तीन दिवस अटर्नी रिव्ह्यूचे असतात. त्या मुदतीत कुठलाही वकील करार नामंजूर करू शकतो किंवा बदल मागू शकतो. बरेच खरेदीदार हे औपचारिक समजून सोडून देतात. इथल्या वकिलाने तीन दुरुस्त्या घातल्या. इन्स्पेक्शनसाठी १४ दिवस. जमिनीत तेलाची टाकी निघालीच, तर ती विक्रेत्याने काढायची आणि गळती असेल तर खरेदीदाराला बाहेर पडता यायचं. आणि अप्रेझलचं वेगळं कलम.

तिसरी दुरुस्ती सगळ्यांत मोलाची ठरली. मॉर्गेज कंटिन्जन्सी, म्हणजे कर्ज मिळालं नाही तर बाहेर पडायची मुभा, आहे म्हणजे अप्रेझलचं संरक्षण आपोआप मिळालं, असं लोक धरून चालतात. तसं नसतं. किंमत कमी आली म्हणून बँक कर्ज नाकारतेच असं नाही, ती कमी रकमेचं मंजूर करते. मग विक्रेता म्हणतो, ‘कर्ज तर मिळतंय, उरलेले तुम्ही भरा.’ नव्या कलमात लिहिलं होतं: फरक १०,००० पेक्षा जास्त निघाला तर पुन्हा बोलणी, आणि ती फिसकटली तर डिपॉझिट परत.

इन्स्पेक्शनचा दिवस

मूळ इन्स्पेक्शन ६०० डॉलरचं. ते नजरेने होतं. भिंत फोडत नाहीत, सामान हलवत नाहीत, कार्पेट उचलत नाहीत. सीवर लाइन, रेडॉन, वाळवी आणि गाडलेली टाकी हे सगळं वेगळं सांगावं लागतं. इथे चारही सांगितलं: रेडॉन १५०, वाळवी ७५, सीवरमध्ये कॅमेरा २७५, टँक स्वीप २५०. एकूण १,३५०. सहा लाखांच्या व्यवहारात इथे हात आखडता घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पण सगळ्यांत आधी नेमकी हीच रक्कम वाचवली जाते.

इन्स्पेक्टर बाहेरून सुरुवात करतो. मागच्या अंगणाचा उतार घराकडे होता आणि छताच्या पन्हळीचं पाणी भिंतीच्या पायथ्यालाच पडत होतं. अमेरिकेतल्या निवासी बांधकामाच्या नमुना कोडप्रमाणे पायापासून पहिल्या १० फुटांत जमीन किमान ६ इंच खाली उतरायला हवी. आतून त्याच भिंतीवर पांढरी भुकटी फुललेली होती. पाणी काँक्रीटमधून झिरपून वाळलं की मागे राहणारे हे क्षार. भिंतीला आडवी भेग किंवा आत आलेला फुगवटा नव्हता, म्हणून प्रकरण मातीचा भराव आणि पन्हळीला जोडायच्या लांब नळीवर भागणारं होतं. ब्लॉकच्या भिंतीला मधोमध आडवी भेग दिसली असती तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण ती बाहेरच्या मातीच्या दाबाने पडते.

पॅनेलच्या दारावर ‘फेडरल पॅसिफिक’ आणि आत ‘स्टॅब-लॉक’ ही अक्षरं होती. त्या काळातल्या घरांत हे पॅनेल सर्रास बसवलं जायचं. त्याचा दोष असा, की जादा भार आला तरी ब्रेकर ट्रिप होईलच याची खात्री नसते. वायर तापत राहते आणि ब्रेकर गप्प बसतो. दिवे लागतात, सगळं ठीक चाललेलं दिसतं, म्हणून विक्रेते म्हणतात ‘इतकी वर्षं काही झालं नाही’. काही विमा कंपन्या या पॅनेलवर घराचा विमा द्यायलाच कांकू करतात, आणि विम्याशिवाय क्लोजिंग होत नाही. पॅनेल बदलायचं कोटेशन ३,४०० डॉलर आलं.

वर अ‍ॅटिकमध्ये बाथरूमच्या पंख्याची नळी छताबाहेर न काढता तिथेच सोडून दिलेली होती. आसपासच्या प्लायवूडवर हाताच्या पंजाएवढे काळे डाग पडलेले. किरकोळ काम, पण दोन हिवाळे दुर्लक्ष केलं की किरकोळ राहत नाही. सीवरच्या कॅमेऱ्यात ४१ फुटांवर मातीच्या पाइपच्या जोडातून आत शिरलेली झाडाची मुळं दिसली. पाइप खचलेला नव्हता, पाणी साचत नव्हतं.

आता टाकी. घराला गॅसची फर्नेस होती, लिस्टिंगमध्येही गॅसच लिहिलेला. पण खालच्या युटिलिटी रूममध्ये, फर्नेसमागच्या भिंतीतून जमिनीपासून वीतभर उंचीवर तांब्याच्या दोन बारीक नळ्या बाहेर आलेल्या होत्या. बोटापेक्षा बारीक, टोकं चिमटून बंद केलेली, वर भिंतीचाच रंग मारलेला. एक नळी टाकीतून तेल आणणारी, दुसरी उरलेलं परत नेणारी. म्हणजे हे घर कधीतरी तेलावर चालत होतं. मग टाकी कुठे गेली? टँक स्वीपवाल्याने धातूशोधक फिरवला तेव्हा समोरच्या हिरवळीत, त्याच भिंतीच्या रेषेत, मोठी खूण मिळाली. जमिनीत घुसणाऱ्या रडारनेही तेच सांगितलं. घरगुती टाकी साधारण ५५० गॅलनची असते, आणि एवढी टाकी गंजून गळली तर आजूबाजूची माती उकरून नेण्याचा खर्च सहज पाच आकडी होतो. घराच्या नेहमीच्या विम्यात तो सहसा बसत नाही. न्यू जर्सीच्या कायद्याने गळतीची जबाबदारी मालमत्तेच्या नव्या मालकाच्याही गळ्यात पडू शकते. ‘आधीच्या मालकाची टाकी होती’ हे तिथे चालत नाही, विशेषतः टाकी असल्याचा माग काढणं शक्य असताना काढला नसेल तर.

रेडॉनचं यंत्र खालच्या मजल्यावर ४८ तास ठेवलं. चाचणीच्या १२ तास आधीपासून खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, दारं फक्त जाण्यायेण्यापुरती उघडायची. विक्रेत्याने ‘हवा खेळती राहावी’ म्हणून खिडकी उघडी ठेवली तर चाचणी वाया. आकडा आला ६.८ पिकोक्युरी प्रति लिटर. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, ४ ही कृतीची पातळी ठरवली आहे. २ ते ४ च्या मध्येही उपाय करायचा विचार करा असं ती सांगते. रेडॉन हा जमिनीतून झिरपणारा किरणोत्सारी वायू. रंग नाही, वास नाही. अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाचं धूम्रपानानंतरचं दुसरं मोठं कारण हेच. बाय-लेव्हलमध्ये मुलांची खेळायची खोली नेमकी खालच्या मजल्यावर असते, म्हणून हा आकडा सोडून देण्यासारखा नव्हता.

घर १९७८ पूर्वीचं असल्यामुळे शिशाच्या रंगाची माहिती देण्याचा फॉर्म आणि ईपीएची पुस्तिका विक्रेत्याने द्यायचीच असते, आणि खरेदीदाराला तपासणीसाठी १० दिवस मागता येतात. सह्यांच्या गठ्ठ्यात ‘मी हा हक्क सोडतो’ असा एक चौकोन असतो. घाईत त्याच्यावर टिक करू नये. घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही.

काय मागितलं, काय सोडलं

अहवाल ६२ पानांचा आणि नोंदी पन्नासच्या वर. किचनच्या कपाटाचं बिजागर, बाथरूमच्या टाइलमधला उखडलेला ग्राउट, गराजच्या दाराची सैल पट्टी. ही सगळी यादी विक्रेत्याकडे पाठवायची हौस बऱ्याच खरेदीदारांना असते आणि तिथेच बोलणी बिघडतात. विक्रेता पन्नास नोंदी बघतो, त्यातल्या तीस हास्यास्पद ठरवतो, आणि उरलेल्या वीसही त्याच टोपलीत जातात. वकिलाच्या पत्रात पाचच मुद्दे गेले: टाकी, रेडॉन (१,६०० चं कोटेशन), पॅनेल (३,४००), सीवरचा जोड (२,८००), मागचा उतार (१,५००). प्रत्येकासोबत अहवालातलं पान, फोटो आणि लेखी कोटेशन. छप्पर १७ वर्षांचं होतं, पण गळत नव्हतं. ते मागितलं नाही. ऑफर देतानाच ते दिसत होतं.

टाकी सोडून बाकीची बेरीज ९,३००. विक्रेत्याने दिले ६,०००, तेही दुरुस्ती करून नव्हे, क्लोजिंगच्या खर्चात क्रेडिट म्हणून. खरेदीदारांना तेच हवं होतं. विक्रेता घर सोडून निघालेला असतो, तो सगळ्यांत स्वस्त माणूस बोलावणार. पॅनेल आणि रेडॉनचं काम आपण निवडलेल्या माणसाकडून झालेलं बरं. अशा क्रेडिटवर मर्यादा असते. बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या नियमांत, स्वतः राहण्याच्या घरासाठी कर्ज किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त ते ९० टक्क्यांपर्यंत असेल तर विक्रेत्याची मदत ६ टक्क्यांपर्यंत, आणि काही झालं तरी क्लोजिंगच्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त नाही.

टाकीच्या बाबतीत मात्र क्रेडिट घ्यायचं नाही. आतून किती खाल्लंय हे खणल्याशिवाय कळत नाही, म्हणजे कुठलाही आकडा हा जुगारच. ती विक्रेत्याने, परवाना असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडून, टाउनशिपचं, म्हणजे गावाच्या स्थानिक प्रशासनाचं, परमिट काढून, क्लोजिंगआधी उचलायची असं ठरलं. टाकी बाहेर निघाली तेव्हा टाउनशिपचा इन्स्पेक्टर हजर होता. पत्रा गंजलेला, पण भोक नाही. खड्ड्यातल्या मातीचे नमुने स्वच्छ आले. भोक असतं तर राज्याच्या पर्यावरण खात्याला कळवणं बंधनकारक, मग साफसफाई आणि शेवटी ‘आणखी काही करणे नाही’ असं पत्र. तोवर क्लोजिंग लटकलेलं. अशा वेळी नुसतं ‘टाकी काढली’ असं कॉन्ट्रॅक्टरचं बिल पुरत नाही. बंद झालेलं परमिट, मातीचा अहवाल आणि टाकी भंगारात गेल्याची पावती हे तिन्ही कागद घ्यायचे, कारण पुढे हे घर विकताना समोरचा वकील हेच मागणार.

याच सुमारास खरेदीदारांनी आणखी एक गोष्ट केली, जी फार कमी लोक करतात. ओपन पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्टखाली, तिथे सगळे त्याला ओप्रा म्हणतात, टाउनशिपकडे या पत्त्यावरची सगळी परमिटं मागितली. उत्तरासाठी कामकाजाचे सात दिवस असतात. खालच्या मजल्यावरच्या पूर्ण बाथरूमचं १९९४ सालचं, मंजूर होऊन बंद झालेलं परमिट त्यात निघालं. तेव्हा ते फक्त फाइलला लावलं.

अप्रेझल: ५,८५,०००

इन्स्पेक्शनची बोलणी मिटल्यावरच अप्रेझल मागवलं. इथे शिस्त पाळायला हवी. आधी मागवलं आणि व्यवहार टाकीवर मोडला, तर अप्रेझलची फी गेली. २००९ सालच्या आचारसंहितेपासून आणि २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यापासून कर्ज विकणारा लोन ऑफिसर अप्रेझर निवडू शकत नाही. काम बहुधा मधल्या मॅनेजमेंट कंपनीमार्फत दिलं जातं. अप्रेझर आला, अर्धा-पाऊण तास होता, बाहेरून मोजमाप घेतलं, प्रत्येक खोलीचा फोटो काढला आणि गेला. फेडरल पॅसिफिकच्या पॅनेलचा त्याच्या अहवालात उल्लेखही नव्हता, आणि त्यात त्याची चूक नाही.

अहवालाची प्रत खरेदीदाराला मिळायलाच हवी. २०१४ पासूनच्या नियमाप्रमाणे तो तयार होताच किंवा क्लोजिंगच्या किमान तीन कामकाजाच्या दिवस आधी, यातलं जे लवकर असेल तेव्हा. पहिल्या पानावरचा आकडा बघून डोक्याला हात लावून बसायचं नाही. कॉम्प्सच्या, म्हणजे तुलनेच्या विकलेल्या घरांच्या, तक्त्याकडे जायचं.

तिथे पहिल्याच ओळींत उत्तर होतं. लिस्टिंगवरचे २,१५० चौरस फूट अप्रेझरने दोन भागांत मोडले होते: वरचे १,४२०, आणि खालचे ७३० ‘जमिनीखालचं तयार क्षेत्र’ या वेगळ्या रकान्यात. फॅनी मे १ एप्रिल २०२२ पासून आन्सी या अमेरिकी मानक संस्थेच्या मोजमाप-मानकाचा आग्रह धरते आणि त्या मानकात मजल्याचा कुठलाही भाग जमिनीखाली असेल तर तो अख्खा मजला जमिनीखालचा धरतात. बाय-लेव्हलचा खालचा मजला पुढच्या बाजूने तीन-चार फूट मातीत असतो. मग तिथे कितीही छान फ्लोअरिंग असो, मोठ्या खिडक्या असोत, तो मुख्य क्षेत्रफळात, ज्याला अप्रेझर जीएलए म्हणतात त्यात, बसत नाही. त्याला किंमत मिळते, पण उतरत्या दराने.

एजंटचा मूळ युक्तिवाद असा होता: शेजारचं कलोनियल (जमिनीवर दोन पूर्ण मजले असलेलं घर) २,०१० चौरस फूट आणि विकलं गेलं ६,४०,००० ला, म्हणजे फुटाला ३१८. हे घर ६,२०,००० भागिले २,१५०, म्हणजे फुटाला २८८, स्वस्तच पडतंय. पण कलोनियलचे २,०१० फूट सगळे जमिनीवरचे. त्याच मापाने हे घर फुटाला ४३७ पडत होतं. (दोन्ही भागाकार बरोबर आहेत, खाली घेतलेले फूट वेगवेगळ्या जातीचे आहेत.)

त्या कलोनियलवरून अप्रेझरने केलेला हिशेब असा. विक्री ६,४०,०००. जीएलए ५९० फुटांनी जास्त, फुटाला ११० प्रमाणे वजा ६४,९००. त्याचं बेसमेंट तयार नाही, आपलं ७३० फूट तयार, फुटाला ४० प्रमाणे अधिक २९,२००. एक पूर्ण बाथ जास्त, वजा ८,०००. अवस्था बरी, वजा १०,०००. उरले ५,८६,३००. फुटामागचा दर ११०, विक्रीच्या दराचा जेमतेम तिसरा हिस्सा, हे पाहून लोक चिडतात. पण जमीन, गराज, नळ-वीज जोडणी हे दोन्ही घरांत आहेच. इथे फक्त वाढीव फुटांची किंमत मोजली जाते.

या ओळी हाताने तपासताना चूक सापडली. अहवालात खालच्या मजल्याचे बाथ ‘०.१’ लिहिले होते. बिंदूच्या आधी पूर्ण, नंतर अर्धे. म्हणजे खालच्या बाथरूमला शॉवर नाही असं धरलं होतं. प्रत्यक्षात तेही पूर्ण, म्हणजे ‘१.०’.

फेरविचार मागायचा की नाही?

इथे बरेच सल्लागार ताबडतोब अप्रेझलच्या फेरविचाराचा अर्ज करायला सांगतात. आमचं मत वेगळं आहे. कमी आलेलं अप्रेझल हा खरेदीदाराच्या हातातला बोलणीचा सगळ्यांत भक्कम कागद. १०,००० चं कलम जमेस धरलं तर ५,८५,००० च्या अप्रेझलवर खरेदीदाराची बांधिलकी ५,९५,००० पर्यंतच होती. अप्रेझल वर गेलं की ती मर्यादाही वर जाते. म्हणून आधी विक्रेत्याशी बोलायचं.

विक्रेता ६,१०,००० च्या खाली येईना. दुसऱ्या क्रमांकाची ऑफर अजून जिवंत होती. गणित मांडू. बँक किंमत आणि अप्रेझल यांतला लहान आकडा धरते. ५,८५,००० चे ८० टक्के, कर्ज ४,६८,०००. किंमत ६,१०,००० धरली तर खिशातून १,४२,०००. ६,००० चं क्रेडिट वजा करून १,३६,०००. हाताशी १,३०,०००. दुसरी वाट कर्ज वाढवून मॉर्गेज इन्शुरन्स (थोडक्यात पीएमआय, बँकेचा धोका झाकणारा पण खरेदीदाराने भरायचा विमा) घेण्याची. समजा मूळचं ४,९६,००० चं कर्ज तसंच ठेवलं, तर ते अप्रेझलच्या ८४.८ टक्के होतं. १९९८ च्या कायद्याप्रमाणे पीएमआय बंद करायची विनंती मूळ मूल्याच्या ८० टक्क्यांवर करता येते, आणि मूळ मूल्य म्हणजे पुन्हा तो लहान आकडाच. साडेसहा टक्क्यांच्या तीस वर्षांच्या कर्जावर, नुसते हप्ते भरून २८,००० मुद्दल फिटायला साडेचार वर्षं लागतात. तोवर दर महिन्याला पीएमआय.

व्यवहार वाचवायचा तर आता अप्रेझल हलवणं भाग होतं. फॅनी मे आणि तिच्यासारखीच फ्रेडी मॅक यांनी २०२४ मध्ये यासाठी चौकट घालून दिली: अर्ज बँकेमार्फत, एका अप्रेझलवर कर्जदाराचा एकच, आणि पर्यायी कॉम्प्स जास्तीत जास्त पाच. एकच संधी असल्यामुळे त्यात काय घालू नये हे महत्त्वाचं. दुसऱ्या ऑफर्स किती आल्या, संकेतस्थळावरचा अंदाज किती दाखवतो, बाजारात असलेल्या घरांची मागणी-किंमत काय, यातलं काहीही उपयोगाचं नाही. अर्ज एका पानाचा होता. बाथरूमची चूक, सोबत शॉवरचा फोटो आणि ओप्रातून मिळालेलं १९९४ चं परमिट. आणि एकच नवा कॉम्प: ०.६ मैलावरचं बाय-लेव्हल, ६,०६,००० ला विकलेलं, अप्रेझलच्या पाच आठवडे आधी क्लोज झालेलं, जे अप्रेझरच्या तक्त्यात नव्हतं. अप्रेझरवर एकही शेरा नाही.

आठवड्याने सुधारित आकडा आला: ५,९८,०००.

शेवटचा सौदा

आता कलमाप्रमाणे खरेदीदाराची मर्यादा ६,०८,०००. विक्रेत्याने ती मान्य केली. दुसऱ्या खरेदीदाराच्या बँकेचा अप्रेझरही बहुधा तेच जमिनीखालचे ७३० फूट वेगळे काढणार, हे त्याच्या एजंटलाही कळत होतं. नवं कर्ज ५,९८,००० चे ८० टक्के, ४,७८,४००. खिशातून १,२९,६००, क्रेडिट धरून प्रत्यक्षात १,२३,६००.

मग विक्रेत्याकडून विचारणा आली: क्रेडिट काढून टाकू आणि सरळ ६,०२,००० लिहू, चालेल? एरवी याला नाही म्हणावं. अप्रेझल पुरेसं असताना किंमत ६,००० नी उतरली तर २० टक्के डाउन पेमेंटवर हातात वाचतात फक्त १,२००, बाकीचे कर्जात मिसळून तीस वर्षांवर पसरतात. क्रेडिट मात्र पूर्णच्या पूर्ण ६,००० रोख वाचवतं. पण किंमत अप्रेझलच्या वर असते तेव्हा कर्ज अप्रेझलला बांधलेलं असतं, किमतीतला प्रत्येक वरचा डॉलर खिशातूनच जातो, म्हणून तिथली कपातही डॉलरला डॉलर मिळते. ६,०२,००० वजा ४,७८,४००, बरोबर १,२३,६००. खरेदीदाराला दोन्ही सारखं. विक्रेत्याला फायदा, कारण राज्याची ट्रान्सफर फी विक्रीच्या किमतीवर लागते आणि एजंटचं कमिशनही. हो म्हटलं. बदललेल्या कराराची पुरवणी त्याच दिवशी बँकेला गेली, कारण क्लोजिंग डिस्क्लोजर, म्हणजे कर्जाच्या अंतिम आकड्यांचा कागद, क्लोजिंगच्या तीन कामकाजाच्या दिवस आधी हातात पडावं लागतं आणि उशीर झाला की तारीख सरकते.

क्लोजिंगच्या सकाळी वॉक-थ्रू, म्हणजे घरातली शेवटची पाहणी. सगळे नळ एकदम सोडून दहा मिनिटं सीवर बघितली, टाकीच्या खड्ड्यावरची माती बसलीय का ते पायाने दाबून पाहिलं, आणि धूर व कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं स्थानिक सर्टिफिकेट वकिलाकडे आल्याची खात्री केली.

पॅनेल ताबा मिळाल्याच्या पहिल्या आठवड्यात बदललं, मागचा भराव उन्हाळ्यात. सीवरची मुळं तूर्तास केबलने कापली. पुन्हा कॅमेरा वर्षभराने. रेडॉनसाठी खालच्या स्लॅबला भोक पाडून पाइप, बाहेरच्या भिंतीला पंखा आणि तोंड छताच्या वर. पंखा सुरू झाल्यावर किमान २४ तासांनी पण ३० दिवसांच्या आत पुन्हा चाचणी करायची असते, आकडा १.२ आला. त्या पाइपवर बोटभर जाडीची इंग्रजी यू आकाराची नळी लावलेली आहे, आत रंगीत द्रव. दोन बाजूंची पातळी खालीवर असेल तर पंखा ओढतोय. दोन्ही बाजू एका रेषेत आल्या की पंखा ओढत नाहीये, मग तो वर घुरघुरताना ऐकू येत असला तरी. नळी कपडे धुवायच्या मशीनच्या शेजारीच बसवून घेतली आहे, जाता-येता नजर पडावी म्हणून.